डबा कोणी वाजवला?

१२ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद मागाहून, आधी काम.

अकरा वर्षांनी भावाचं अक्षर दिसलं तर तू पाकीट न फोडता केरात टाकशील, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतलाय. तिच्या अक्षरावर तरी तुझा राग नसावा. फसवणूक आहे, मान्य. पण तीन ओळींचीच.

मी लावे पाळलेत. हस, हसून घे. ज्याने चाळीस वर्षं पक्ष्याकडे फक्त किलोत पाहिलं, त्याच्या घरामागे दुकानाची गाडी उभी राहायची त्या खोलीत आता बल्ब लावून चाळीस पिल्लं ठेवली आहेत. माझ्या अंगठ्याएवढी. पाठीवर पट्टे, आणि पाय असे की काडेपेटीतल्या काड्या जाड वाटाव्यात.

आपण दोघांनी उघडलेलं कोंबडीचं दुकान मी गेल्या वर्षी विकलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. गुडघे गेले. घरी बसून पहिला महिना मी तुझ्या वहिनीला भांडी कशी लावावीत, खिडक्या कधी उघडाव्यात, दूधवाल्याशी कसं बोलावं हे सगळं शिकवलं. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "अहो, आयुष्यभर मारलेत. आता एकदा पाळून बघा. पक्ष्यांना काय हवं ते सांगा. ते उलटून बोलत नाहीत."

कोंबड्या नको म्हणाली, पहाटे बोंब मारतात. म्हणून लावे. जागा थोडी लागते, दोन महिन्यांत ताटात येतात, असं विकणाऱ्याने सांगितलं. ती बशीत बुडून मरतात, हे सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पाच गेली. बोटभर पाणी नव्हतं रे! चार आणखी बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून चेंगरली. उरलेली ओरडतायत, आणि तो आवाज भुकेचा नाही, एवढं मला कळतं. तार जास्त ताणली की जशी वाजते, तसा आहे.

तू आता लावेच करतोस असं ऐकलं. घरच्या घरी, मोजके, आणि लोक तुझ्याकडे नंबर लावून थांबतात म्हणे. कुठून ऐकलं ते विचारू नकोस, मी तिखट कानाचा आहे. तर काय करू ते दोन ओळींत कळव. त्या दिवशी जेवताना जो गैरसमज झाला, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. टाळी एका हाताने वाजत नसते.

तुझा,
दादा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

चिठ्ठी मिळाली. मायना नाही, सही नाही. डॉक्टर तरी वर औषधाचं नाव घालतो. तुझं म्हणजे, "पाण्यात गोट्या टाकणे. बल्ब एका कोपऱ्यात, दुसरा कोपरा गार. कागदावर ठेवू नये, पाय फाकतात, खाली फडकं. छत मऊ असावे." संपलं. तुझ्या वहिनीने उलटसुलट करून पाहिलं, मागे काही आहे का. मागे काही नव्हतं.

पण एकतीसच्या एकतीस जगलीत! पाण्याच्या बशीत मी काचेच्या गोट्या ओतल्या, पिल्लं गोट्यांमधून चोच बुडवायला लागली, आणि बल्ब सरकवला त्या दिवशी अर्ध्या तासात ती ताणलेली तार सैल झाली. मी स्टुलावर बसून ऐकत होतो. एकेक आवाज खाली येत गेला, मग नुसती कुजबुज उरली. लोक टाळ्या वाजवतात ना कुठेकुठे, तसं मला वाटलं. कुणासाठी ते आलंच तुझ्या लक्षात.

छताचं मात्र मी मनावर घेतलं नव्हतं. लावा घाबरला की पळत नाही, सरळ वर उडतो, बाटलीचं बूच उडावं तसा. दोघांची टाळकी सोलली. मग छताला जुनी गोधडी ताणून बांधली.

दहा दिवसांमागे माळ्यावर ती गोधडी शोधताना काय सापडलं सांग. तुझा पत्र्याचा डबा. गोल, झाकणाला पोचा. पहिल्या दुकानाच्या मागच्या अंगणात तू सकाळी हा डबा तीनदा खुळखुळवायचास आणि खुराड्यातल्या कोंबड्या तुझ्या पायांशी गोळा व्हायच्या. मी घासूनपुसून त्यात खाद्य भरलं. मी वाजवला तरी लावे येतात! आठव्या दिवशी तर सगळी फौज. माझ्या हाकेला आजवर इतकं कुणी धावलं नव्हतं, तुझी वहिनी धरून.

डब्यावरून एकेक आठवत बसलो. दुकानात तुला 'सावकाश' म्हणायचे. "सावकाश आहेत का आज? मग मी भाजी घेऊन येते," असं म्हणून बायका पुढे जायच्या. मी एका वेळेला तीन पक्षी उडवायचो, तेवढ्यात तुझा एक. तू तो काखेत घ्यायचास, डोळ्यांवर तळवा ठेवायचास आणि उभा राहायचास. नुसता उभा. मी गिऱ्हाइकांना डोळा मारून म्हणायचो, "आमचा भाऊ परवानगी मागतोय." लोक हसायचे. तू हसायचा नाहीस आणि चिडायचाही नाहीस, याचा मला जास्त राग यायचा.

आणि ती शाळेतली बाई, चष्म्याची दोरी गळ्यात घालणारी. माझा कापायचा ठोकळा रिकामा असला तरी तुझ्यापुढे थांबायची. मी एकदा विचारलं, "बाई, माल एकच आहे, माझ्याकडे काय वेगळं मिळतं?" तर म्हणाली, "यांच्या हातचं खाताना मला काही आठवत नाही." मला तेव्हा ते कळलं नाही. मी म्हटलं, शिकलेल्या बायका, बोलतात काहीतरी.

माझे कान एवढे तिखट, की गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी त्याला अर्धा हवाय की एक, हे मी चपलेच्या आवाजावरून सांगायचो. फ्रीज बंद पडायचा असला की दोन दिवस आधी कळायचं. पण माझ्या ठोकळ्यावर कलकलाट आणि तुझ्या ठोकळ्यावर शांतता, हे रोज ऐकून मी अर्थ काय काढला? की तुझ्याकडे काम कमी.

आता मुद्द्याचं. मार्चात नर जास्त होतील, ते काढावे लागतील. कोंबडीचं मला सांगू नकोस, पण हा जीव मुठीत मावतो. माझी सुरी त्याच्यापुढे तलवार. तू कसं करतोस ते लिही.

दादा


१८ मार्च

धाकट्या,

तुझी दुसरी चिठ्ठी मी खोलीच्या दाराला चिकटवली आहे. "आदल्या संध्याकाळी खाद्य काढणे, पाणी ठेवणे. खोली अंधारी करून उचलणे. एकेकटा नेणे, इतरांच्या नजरेआड. फडक्यात गुंडाळणे. श्वास संथ होईपर्यंत थांबणे. धारदार कात्री, एकच घाव. घाई असेल त्या दिवशी करू नये." शेवटच्या ओळीपाशी मी जरा रेंगाळलो. ती माझ्यासाठी आहे की सगळ्यांसाठी?

तर केलं. तीन रविवार झाले, दर रविवारी चार. कात्री नवी आणली, बागकामाची, धार स्वतः लावली. फडकं घेतलं. जागा घराच्या पलीकडच्या बाजूला, मधे भिंत. सोलायला सोपं आहे हे कबूल, मोज्यासारखं कातडं निघतं. एक दिवस फ्रीजमध्ये विसावू दिलं आणि मग तुझ्या वहिनीने भाजलं. चांगलं झालं होतं.

पण खोलीत काहीतरी बिनसलंय.

अंडी बंद झाली. सात माद्या रोज घालत होत्या, आता चार दिवसांत एक. मी आत गेलो की सगळे मागच्या भिंतीला चिकटतात. काल एकीने वर उडी मारली ती इतक्या जोरात, की गोधडी असूनही मान मुरगळून पडली. खाद्य तसंच राहतं. मी बाहेर आलो की खातात, मी दाराआडून ऐकतो ना. औषध घातलं पाण्यात. भुसा बदलला. मुंगूस-मांजर कुठून येतं का पाहिलं. काही नाही. मी सगळं तुझ्या चिठ्ठीबरहुकूम केलंय. फक्त अंधारात उचलायचं तेवढं जमलं नाही, गुडघे वाकत नाहीत आणि चाचपडताना पायाखाली येतील अशी भीती वाटते. पण त्यात अडलं नाही. खायला गोळा झाले की आपोआप हाताशी येतात, चार उचलायचे आणि निघायचं, धावाधाव नाही, पाठलाग नाही. त्यांना त्रास नको म्हणूनच.

मग झालं काय? तुझ्या वहिनीला विचारलं तर म्हणते, "मला काय विचारता, ज्याला कळतं त्याला विचारा." आणि जिना चढून गेली. तुझा विषय निघाला की ती नेहमी वर जाते.

लवकर कळव. अठरा उरलेत आणि तेही मला असे बघतात, जसा मी त्यांना ओळखतच नाही.

दादा


३० मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. तीन शब्द. "डबा कोणी वाजवला?"

मी फाटकापाशी उभा राहून वाचलं. पोस्टमन म्हणाला, "काही वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही हो, जुनीच आहे."

मी वाजवला. तिन्ही रविवारी मीच वाजवला. गेल्या पत्रात मी 'खायला गोळा झाले की' असं लिहून पुढे सरकलो होतो. तू बरोबर तिथे बोट ठेवलंस. दुकानातही तू हाडाचा तुकडा असाच शोधायचास, न बघता, बोटाने.

आणि मला माहीत होतं. हे आज लिहूनच टाकतो. पहिल्या दुकानाच्या अंगणात एकदा मला घाई होती, तू दाणे टाकत होतास. मी म्हटलं, "गोळा झाल्यात तर दोन दे इकडे." तू डबा छातीशी धरलास आणि म्हणालास, "आत्ता नाही, दादा. डब्याचा शब्द असतो. तो खायचं म्हणतो. त्याने एकदा दुसरं काही म्हटलं, की त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही." मी काय म्हटलं आठवतं? "मग डब्यालाच मालक कर!" तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. तुझं ते बोलणं माझ्या कानांनी शब्दन् शब्द जपून ठेवलंय, आणि मी चाळीस वर्षं त्याचा एक विनोद म्हणून उपयोग केला.

कार्ड घेऊन मी घरात आलो आणि टेबलापाशी बसलो. तेच टेबल. आता त्या दिवसाचं लिहितो. पहिल्या पत्रात मी गैरसमज म्हटलं होतं. गैरसमज कसला? सगळं नीट समजून केलं होतं.

मला दुकानात कापायचं यंत्र बसवायचं होतं. तू म्हणत होतास, यंत्र थांबत नाही, आणि थांबल्याशिवाय हे काम करू नये. सहा महिने आपलं तेच चाललं होतं. मग मी निरोप धाडला, "जेवायला ये, वहिनीने तुझ्या आवडीचं केलंय." ते खरं होतं, तिने केलं होतं, सकाळपासून उभी होती. तिला काही माहीत नव्हतं. टेबलाच्या खणात कागद होता, दुकानातून तुझं नाव काढायचा. आतल्या खोलीत वकील बसवले होते, साक्षीला. त्यांनाही चहा दिला होता, कप वाजू नये म्हणून बशीशिवाय.

तू दुसऱ्यांदा वाढून घेतलंस तेव्हा मी खण उघडला.

तू कागद वाचलाही नाहीस. सही केलीस. ताट उचलून स्वतः मोरीपाशी नेलंस, धुतलंस, पालथं घातलंस. "वहिनी, जेवण छान झालं होतं," म्हणालास आणि गेलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. वकील आतून म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, "झालं."

तुझी वहिनी त्या दिवशी एकच वाक्य बोलली. "माझ्या ताटाला तुम्ही पिंजऱ्याचं दार केलंत." मग जिना चढून वर गेली. मी गेल्या पत्रात लिहिलं ना, अजूनही जाते.

त्यानंतर मी तुला चारदा बोलावलं. नव्या दुकानाच्या वेळी, पोरीच्या लग्नाला, माझ्या ऑपरेशनला, आणि एकदा काहीच कारण नसताना. तू एकदाही आला नाहीस. मी सगळीकडे सांगत फिरलो, धाकटा आकडू आहे, मोठेपणा झेपत नाही त्याला. आता रोज सकाळी अठरा पक्षी भिंतीला चिकटून माझ्याकडे बघतात, आणि त्यांना मी आकडू म्हणू शकत नाही.

मी माफी मागायला पत्र लिहायला घेतलं होतं. पण मला गोड बोलता येतं, हीच अडचण आहे. मी लिहिलं तर ते छान होईल, आणि तू म्हणशील, वाजवला पुन्हा डबा.

म्हणून तेवढंच विचारतो, जे विचारायचा मला हक्क आहे. पक्ष्यांचं काय करू?

दादा


२७ एप्रिल

धाकट्या,

"डबा बंद. रोज एक तास आत बसणे. बोलावणे नाही. हात पुढे करणे नाही. बाकी त्यांच्यावर."

चिठ्ठी वाचून तुझी वहिनी एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "एक तास गप्प? तुम्ही? पक्षी राहू दे बाजूला, मीच तिकीट काढून बघायला येते."

बसलो. भुशावर पाट टाकून, भिंतीला पाठ लावून. पहिले दिवस मला माझ्याच कानांचा त्रास झाला. तोंड बंद असलं की कान काय काय आणतात! पलीकडच्या भिंतीला लागून पाणी गळतंय, हे ऐकू आलं. वर तुझी वहिनी एकाच जागी उभी राहून कपडे घड्या करते आणि मधेच थांबते, हे ऐकू आलं. ती थांबते तेव्हा काय बघते ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांत विचारलं नाही.

पक्षी भिंतीपाशी. मी इकडे. मधे सात फूट भुसा.

सहाव्या दिवशी त्यांनी मी असताना खाल्लं. नवव्या दिवशी एक मादी माझ्या चपलेपर्यंत आली. डोळ्यावर पांढरी रेघ, मान वाकडी करून चपलेचा अंगठा तपासला, परत गेली आणि बाकीच्यांना काहीतरी कळवलं. तुझ्या वहिनीने तिचं नाव ठेवलंय 'तपासनीस'. रोज पाहणी व्हायची. अकराव्या दिवशी भुशात एक अंडं, ठिपक्यांचं, ऊबदार. मी ते हातात घेऊन घरात आलो आणि तुझ्या वहिनीला म्हटलं, "बघ!" चाळीस वर्षांत मी हजारो अंडी विकली असतील. ती म्हणाली, "असं बघताय जसं तुम्हीच घातलंय."

हात पुढे करू नको म्हणालास, म्हणून मी हात भुशावर नुसता पालथा ठेवत होतो. अठराव्या दिवशी उताणा ठेवला, तळव्यावर चार दाणे. बोलावलं नाही. श्वाससुद्धा सांभाळून घेत होतो. तपासनीस आली. तीन दाणे खाल्ले, चौथा सोडला आणि माझ्या तळव्यावर एक पाय ठेवून उभी राहिली. केवढा तो पाय! वजन नाहीच. पण सगळा हात जड झाला माझा.

परवा नर काढायचे होते. ते आपसात फार मारामाऱ्या करतात, माद्यांची डोकी सोलवटलेली, जास्त दिवस ठेवणं हीही क्रूरताच. आदल्या संध्याकाळी खाद्य काढलं, पाणी ठेवलं. सकाळी शटर ओढलं, फटीला पोतं लावलं. अंधारात गुडघे वाकवले, कुरकुरले, पण वाकले. डोळे सरावेपर्यंत थांबलो. मग एक नर उचलला, दोन्ही पंख मुठीत धरून, तू काखेत घ्यायचास तसा. पलीकडे नेला. फडक्यात गुंडाळला, डोळ्यांवर तळवा ठेवला.

आणि थांबलो.

धाकट्या, मी हे आयुष्यात पहिल्यांदा केलं. माझ्या बोटांखाली त्याचं काळीज एवढं धावत होतं, की दोन ठोके वेगळे करता येत नव्हते. मी काही केलं नाही. हळूहळू ते ठोके सुटे झाले. मान सैल पडली. त्याने डोळे मिटल्याचं मला तळव्याला कळलं. मग कात्री. एकदाच.

आवाज आला नाही. त्याचाही नाही, आणि भिंतीपलीकडे भुसा उकरत होते त्यांचाही थांबला नाही.

तीन केले. पाऊण तास लागला. दुकानात असतो तर मी मला कामावरून काढलं असतं. पण हात धुताना मला कळलं की तू परवानगी मागत नव्हतास. तू त्याला तुझ्या घाईतून मोकळं करत होतास. ही एवढी मोठी विद्या एकोणिसाव्या वर्षी, कुणी न शिकवता, तुझ्या हातात आली होती. आणि ती माझ्या ठोकळ्यापासून चार फुटांवर रोज चालू होती. मी मालक होतो, हिशेबी होतो, हुशार होतो. कसबी तू होतास.

दुसऱ्या दिवशी शटर उघडून आत बसलो, तर तपासनीस आली. चपलेवर चढली.

तुझ्या वहिनीने ते तीन नुसतं मीठ-मिरी लावून भाजले. पहिला घास घेतला आणि खाता खाता थांबली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "त्याच्या हातचं लागतंय."

जिना चढून गेली नाही. बसून राहिली, मीही बसलो.

मी तुला जेवायला बोलावत नाहीये. परत कधी बोलावणार नाही, तेवढं मी शिकलो. येत्या रविवारी मीच येतो तुझ्याकडे, न बोलावता. नको असेन तर दार उघडू नकोस. मी राग धरणार नाही. मी धरायचा रागच नाही.

दादा


४ मे, तुझ्या पायरीवर

धाकट्या,

दार तुझ्या बायकोने उघडलं. "भाऊजी!" म्हणाली. मी डबा तिच्या हातात दिला. म्हटलं, "हा त्याचा आहे. रिकामा आणलाय. आत काही नाही, झाकण उघडून बघ." तिने खरंच बघितलं. बरं केलं.

"ते मागे पक्ष्यांपाशी आहेत, विचारून येते," म्हणून गेली. मी ऐकत होतो, त्याला माझा इलाज नाही. तुझा आवाज अकरा वर्षांनी ऐकला. जरा खोल गेलाय. ती परत आली आणि खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, तोंडाने नको. तोंडाने दादा नेहमी जिंकतो. काय ते लिहून दे म्हणावं." आणि ही पेन्सिल आणि खाद्याच्या पिशवीचा हा कागद देऊन दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज मात्र आला नाही. ते मी नोंदवून ठेवलंय.

तर लिहितो. छान लिहिणार नाही.

तुला जेवायला बोलावून मी तुझं नाव काढलं. तू उपाशी असतास तर इतकं वाईट झालं नसतं. तू विश्वासाने खात होतास. चूक माझी, सगळी, टाळी-बिळी काही नाही. माफ कर असं मी म्हणतो, पण ते तुझ्यावर.

देण्यासारखं मी काही आणलं नाही. दुकान विकलं, पाटी गेली, आता तुझं नाव लावायला जागा नाही माझ्याकडे. मागायला मात्र आलोय. मला हाताखाली ठेव. पिंजरे धुतो, गोट्या घासतो, भुसा बदलतो. आठवड्यातून एक दिवस. तू बोलला नाहीस तरी चालेल, तू तसाही कुठे बोलायचास. मला तुझ्या ठोकळ्याशेजारी परत एकदा उभं राहायचंय, या वेळी गप्प.

तुझी वहिनी कोपऱ्यावर उभी आहे. म्हणाली, "मी दारात येणार नाही. मला बघून त्याला भीड पडेल, आणि भिडेने उघडलेलं दार मला नको." माझ्यापेक्षा तिला पक्ष्यांतलं जास्त कळतं.

तुझे नर ओरडतायत मागे. तीन ठोके, तिसरा लांब. एकही आवाज ताणलेला नाही. चांगली ठेवलीयेस रे पाखरं. फारच चांगली.

पायरी तापायला लागली आहे. एक तास झाला असेल. बसणे, बोलावणे नाही, बाकी त्यांच्यावर. तुझाच नियम, मी पाळतोय.

थांब.

आत डबा वाजला.

एकदा. आता परत. पक्षी मागच्या अंगणात आहेत, आणि हा आवाज पुढच्या खोलीतून येतोय, दाराच्या अगदी आतून. तिसऱ्यांदा.

आत ताट असेल की कागद, ते मला माहीत नाही. कागद असला तरी मी न वाचता सही करीन.

पण धाकट्या, मी डबा रिकामा दिला होता. आणि रिकामा डबा असा खुळखुळत नाही.

उठतो.